मशीन बंद पडलं तर?

(वरळीच्या बीडीडी चाळीत महिला मंडळाच्या सभेत केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



कायदा, मारहाण, पोटगी, घर कुणाच्या नावावर, या विषयांवर आपण या मंडळात अनेकदा बोललो. आज धुण्याच्या मशीनवर बोलायचं आहे. वरून झाकण उघडतं ते मशीन, ज्याला दुकानदार टॉप लोड म्हणतो. ते कसं चालतं, कसं राखायचं, अडलं तर घरच्या घरी काय करता येतं आणि कुठे हात लावायचा नाही, एवढंच. बायकांच्या हक्कांच्या सभेत हा विषय कशाला, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर आधी देते, मग मशीनकडे वळते.

धुणं हे घरकामातलं फार जड काम. भरलेली बादली पंधरा लिटरची धरली, तर एका वेळी पंधरा किलो वजन उचलायचं. आपल्या या चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधल्या. वरळीत १२१ इमारती, तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीतल्या मोरीत किती पिढ्यांच्या बायकांनी उकिडवं बसून धुणं धुतलं! गिरणीतून आलेल्या नवऱ्याचे, कापसाचं तूस चिकटलेले कपडे इथेच आपटले गेले. ज्या बायका स्वतः गिरणीत जात होत्या, त्यांनीही आपली पाळी संपवून इथेच आपटले. या कामाची नोंद कुठल्याही हजेरीपटावर झाली नाही.

आता निदान मोजदाद होऊ लागली आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. ‘घरकाम करणारा पुरुष’ हे शब्द नीट ऐका. जे हातच लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत. २०१९च्या पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले होते.

मग मशीन आल्यावर बाई सुटली का? यावर दोन मतं आहेत. स्वीडनचे हान्स रोसलिंग यांनी २०१०मध्ये एका भाषणात सांगितलं की, घरात मशीन आलं आणि आईला त्यांना वाचनालयात घेऊन जायला वेळ मिळाला. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३च्या आपल्या पुस्तकात दुसरी बाजू मांडली. यंत्रं आली तशा स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, घरातल्या इतरांनी अंग काढून घेतलं आणि बाईचे तास फारसे कमी झाले नाहीत. मला दोन्ही खरं वाटतं. पाठ मोडायची थांबते हे खरं आहे. पण पूर्वी एक शर्ट दोन दिवस चालायचा, आता ‘मशीन आहे ना’ म्हणून दिवसाला दोन निघतात. खिसे तपासणं, रंगाचे कपडे वेगळे काढणं, वाळत घालणं, पाऊस आला की धावत जाऊन काढणं, घड्या घालणं, हे मशीन करत नाही. आणि बटण दाबणारा मात्र ‘आज धुणं मी केलं’ म्हणून सांगत फिरतो!

आणखी एक गोष्ट कामानिमित्त घराघरांत जाताना मी पाहते. मशीन घरात येतं बाईच्या नावाने, पण माहितीपुस्तिका आणि वॉरंटी कार्ड राहतं पुरुषाच्या कपाटात. मेकॅनिक आला की विचारतो, “साहेब आहेत का?” रोज मशीन चालवते बाई, आवाज बदलला हे तिला आधी कळतं, तरी बिघाडाबद्दल तिला कुणी विचारत नाही. म्हणून आजचा विषय.

आत काय आहे?

आपण हाताने काय करत होतो ते आठवा. भिजवायचं, घासायचं, खळबळायचं, पिळायचं. मशीन तेच चार टप्पे करतं.

बाहेरची पेटी सोडली तर आत दोन टब असतात. आपल्याला दिसतो तो भोकांचा, कपड्यांचा. त्याच्याबाहेर दुसरा, पाणी धरणारा. तळाला फिरणारी चकती कपडे घुसळते. पिळताना आतला अख्खा टब गरगर फिरतो. हे सगळं चार कोपऱ्यांतल्या सळ्यांवर लोंबकळत असतं, म्हणून हादरे झेलले जातात. खाली मोटर. बऱ्याच मशीनमध्ये मोटर पट्ट्याने टब फिरवते, काहींत थेट.

पाणी किती भरलं हे मशीनला कसं कळतं? टबाच्या तळाशी जोडलेली एक बारीक नळी असते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पातळी कळते. ही नळी निसटली किंवा तुंबली, तर पाणी भरतच राहतं. ते काम मेकॅनिकचं, पण कारण आपल्याला ठाऊक हवं.

यातून एक सोय निघते. नळाला मशीन जोडलेलं नाही, पाणी पिंपात भरून ठेवलेलं आहे, अशा खोलीत बऱ्याच मशीनमध्ये बादलीने पाणी ओतलं तरी चालतं. पातळी पुरेशी झाली की मशीन आपोआप धुवायला लागतं. खळबळण्याच्या वेळी मात्र पुन्हा ओतावं लागतं. तेव्हा बाईला तिथेच उभं राहावं लागणार, हेही लक्षात असू द्या.

पाणी येत नाही, पाणी जात नाही

मशीन अडण्याची बरीचशी कारणं पाण्याशी निगडित असतात आणि ती घरी सुटतात.

पाणी भरत नसेल, तर आधी नळ सुरू आहे का, पाइपाला पीळ पडलाय का हे पाहा. मग नळ बंद करा, प्लग काढा आणि मशीनच्या मागे पाइप जिथे बसतो तिथला आटा फिरवून पाइप सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी जाळी दिसेल. ती पकडीने हळूच ओढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा ही जाळी गाळाने भरते. नळ ठणठणीत आणि मशीनमध्ये मात्र करंगळीएवढी धार, असं दिसलं की पहिली शंका जाळीचीच. पाइप परत लावताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहा, नाहीतर गळती होते.

पाणी बाहेर जात नसेल, तर मोरीकडे बघा. पुष्कळ टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप नसतो. तळाची झडप उघडते आणि पाणी उताराने जातं. आपल्या मोरीला कठडा असतो. पाइप त्या कठड्यावरून टाकला की पाणी चढणार कसं? थोडंसं जातं आणि बाकीचं टबात राहतं. पाणी गेलं नाही म्हणून पिळणं सुरू होत नाही, आणि घरातले म्हणतात मोटर गेली. अशाच एका घरी मेकॅनिकने बोर्ड जळल्याचं सांगून काही हजारांचा खर्च काढला होता. शेजारणीने पाइप कठड्यावरून खाली घेतला आणि मशीन चालू झालं. तेव्हा पाइप जमिनीलगत ठेवा. त्यासाठी मशीन एखाद्या पक्क्या, रुंद स्टँडवर घ्यावं लागलं तर घ्या. पाइपाचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाइपात नाणं, केसांची पिन, हातरुमाल अडकलाय का तेही पाहा.

पिळत नसेल, तर तीन प्रश्न. झाकण नीट लागलंय का? पाणी पूर्ण गेलंय का? कपडे एका बाजूला गोळा झालेत का? एकटी गोधडी किंवा एकटी जाड चादर टाकली की ती पाणी पिऊन एका बाजूला बसते, तोल जातो, मशीन थांबतं. मग काही मशीन तोल सावरायला पुन्हा पाणी घेतात, म्हणजे पाणीही वाया. कपडे हाताने सारखे पसरवा, जड कपड्याबरोबर एकदोन टॉवेल टाका. टब गच्च भरू नका, वर थोडी जागा मोकळी राहू द्या.

थरथर, वास, उंदीर आणि रेनकोट

मशीन नाचत असेल तर पाय तपासा. आपल्या खोल्यांची फरशी मोरीकडे उतरती असते. झाकणावर सपाट जागी वाटीत पाणी ठेवा. कुठल्या बाजूला कलतं ते दिसेल. खालचा पाय फिरवून उंची जुळवा आणि वर दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हाताने दाबून पाहा. डुगडुगता कामा नये. पायाखाली कागदाची घडी घालू नका, ओली झाली की सरकते.

कपड्यांना कुबट वास येत असेल, तर बहुतेक वेळा पावडर जास्त पडते आहे. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं. ते जड नाही, फेस पटकन होतो, म्हणून पावडर कमी पुरते. जास्तीची पावडर कपड्यांत आणि दोन टबांच्या मधल्या फटीत थर धरून बसते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे क्षारांचा थर धरतो. टबाच्या कडेला जी तूस गोळा करणारी जाळी किंवा पिशवी असते, ती दर दोनतीन धुण्यांनंतर रिकामी करा. महिन्यातून एकदा कपडे न टाकता, टब धुण्याची पावडर घालून मशीन चालवा. काम झालं की झाकण उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र लक्ष ठेवून उघडं ठेवा आणि सुकल्यावर लावा. आणि एक ताकीद. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

उंदीर हा चाळीचा जुना भाडेकरू. या मशीनचा तळ बऱ्याचदा उघडा असतो, तिथून उंदीर शिरतो आणि वायरी कुरतडतो. त्यासाठी तळाला लावायची जाळी मिळते. ती लावून घ्या, फुकटात मिळत असेल तर मागून घ्या.

रेनकोट, मेणकापड, ताडपत्री मशीनमध्ये पिळू नका. या कापडातून पाणी निघत नाही, ते आत कोंडतं, जोरात फिरताना तोल जातो आणि टब आदळतो. २०१६मध्ये अमेरिकेत सॅमसंगला सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलवावी लागली होती. जोरात फिरताना हादऱ्याने वरचा भाग निखळत होता आणि अवजड अंथरुणं व पाणी न शोषणारे कपडे हळू गतीवर धुवा, असं लोकांना सांगावं लागलं. मशीन जोरात आदळायला लागलं, तर वर दाबून धरायला धावू नका. वीज बंद करा.

विजेचा शॉक

आता जरा गंभीर बोलते. ‘मशीनला जरा झिणझिण्या येतात, पण चालतंय’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते. झिणझिण्या म्हणजे मशीनच्या अंगात वीज उतरली आहे आणि ती तुमच्या अंगातून जमिनीत जाते आहे. ओली मोरी, ओले हात, अनवाणी पाय. यापेक्षा धोक्याची जागा घरात दुसरी नाही, आणि तिथे उभी असते बाई.

प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन अर्थिंगची. शरीरात जाणारी वीज तिने जमिनीत न्यायची असते. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डावर तिसरं भोक असतं, पण भोक आहे म्हणून त्याच्यामागे तार आहे असं नाही. ती पिन कापून टाकणं, दोन पिनांचा जोड लावणं, हे जिवाशी खेळणं आहे. अर्थिंगची तार नळाला किंवा गॅसच्या पाइपाला बांधू नका. तसं केलं तर एका खोलीतली वीज शेजारच्या नळात उतरू शकते.

परवानाधारक वायरमनला बोलावून दोन कामं करून घ्या. एक, अर्थिंग तपासणं. दोन, आरसीसीबी नावाची कळ बसवणं. जाते तेवढी वीज परत येते का, हे ती सतत तोलते. ३० मिलिअँपिअरची कळ असेल तर तेवढ्या गळतीला ती क्षणात वीज तोडते. तिच्यावर तपासणीचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. कळ पडली तर ती जागी आहे. नवीन इमारतीत राहायला गेलेल्या बायांनी आपल्या बोर्डावर ती कुठे आहे ते आजच शोधावं.

कुणाला शॉक बसून ती मशीनला चिकटलेली दिसली, तर तिला हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन कुठे आहे हे घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.

आणि हात कुठे लावायचा नाही तेही सांगते. मागचं किंवा खालचं पत्र्याचं झाकण उघडायचं नाही. आत कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात वीज उरू शकते. टब पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही, विशेषतः दोन टबांच्या जुन्या मशीनच्या पिळण्याच्या भागात. झाकण उघडल्यावरही तो फिरत राहत असेल, तर ब्रेक बिघडला आहे. मशीन वापरणं थांबवा.

मेकॅनिक घरी येतो तेव्हा

एवढं पाहूनही चालत नसेल तर मेकॅनिक लागेलच. त्याच्याकडे कसब आहे, त्याचा मान ठेवू या. पण व्यवहार बाईने करावा. बोलावण्याआधी मॉडेल नंबर आणि पडद्यावर आलेली खुणेची अक्षरं लिहून ठेवा. ती अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, अर्थ पुस्तिकेत असतो. नेमकं काय होतं ते क्रमाने सांगा. पाणी भरलं, फिरलं, पाणी गेलं, पिळताना थांबलं. खर्चाचा अंदाज आधी लिहून घ्या. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिल घ्या आणि नव्या भागाची हमी त्यावर लिहून घ्या. बोर्ड दुकानात न्यायचा म्हणाला तर पावती घ्या.

फसवणूक झाली तर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वस्तूची किंवा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. बिल बाईच्या नावाने असेल, तर तक्रारही तिला सरळ तिच्याच नावाने करता येते.

इथे आपल्यातल्या ज्या मैत्रिणी दुसऱ्यांच्या घरी धुणंभांडी करतात, त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. मालकिणीकडे मशीन आलं की ‘आता कपडे कुठे धुतेस’ म्हणून पगारातून पैसे कापतात. पण मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या करणं तिच्याच गळ्यात. शॉक लागला तर तिलाच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८मध्ये झाला. आपण कामगार आहोत हे त्याने मान्य केलं. तेव्हा मशीन नीट चालवता येणं, जाळी साफ करता येणं, हे कौशल्य आहे, त्याचे पैसे बोलून घ्या. आणि झिणझिण्या येणाऱ्या मशीनला हात लावायला स्पष्ट नकार द्या.

मजल्याची पेटी

ऑगस्ट २०२५मध्ये इथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर. धुण्याला स्वतंत्र जागा मिळाली, शौचालय घरात आलं. या सुखावर आपला पुरता हक्क आहे. पण चाळीत मशीन अडलं की गॅलरीतून हाक मारली जायची, चार जणी जमायच्या. चाळिसाव्या मजल्यापर्यंत बंद दारं असली, तर हाक कुणाला मारणार? एकटी पडलेली बाई मेकॅनिक सांगेल ते ऐकते आणि नवरा देईल तेव्हा पैसे घेते.

म्हणून माझी एक सूचना आहे. चाळ असो की टॉवर, प्रत्येक मजल्यावर एक पेटी ठेवू या. टेस्टर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, चारसहा वायसर, एक टॉर्च, जुने टूथब्रश आणि एक वही. वहीत लिहायचं : कुणाचं मशीन, काय झालं, कशाने सुटलं, मेकॅनिक कोण, किती पैसे घेतले. सहा महिन्यांत त्या वहीतून कळेल की आपल्याकडे नेमकं काय बिघडतं आणि वाजवी दर किती. आपल्या आयांनी भिशी चालवली, रॉकेलच्या रांगेत एकमेकींचे नंबर धरले. ही त्याच जातीची गोष्ट आहे.

पेटी सांभाळायला दर मजल्यावर दोघी लागतील. एक चाळिशीच्या पुढची, एक कॉलेजात जाणारी. नावं आजच द्या. पुढच्या सभेत आपण एक मशीन मध्ये ठेवून जाळी काढणं, पाय जुळवणं, आरसीसीबी तपासणं प्रत्येकीच्या हाताने करून घेऊ. त्या दिवशी घरातल्या मुलग्यांना आणि पुरुषांनाही बरोबर आणा. बसायला सतरंजी आहे, आणि सभा संपल्यावर ती झटकून घडी घालायचं काम त्यांच्याकडे ठेवलं आहे.